एकेचाळीस नगांची संस्था

संस्था काढावी असं बीकरकाकांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना फक्त एक खोली हवी होती. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेची जुनी पंपखोली होती. पंप जाऊन दहा वर्षं झाली तरी खोली कुलपात पडून होती. काकांनी साध्या कागदावर साधा अर्ज केला की ही खोली मिळाली तर फार उपकार होतील. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, संस्थेचं नाव कुठंय? काका म्हणाले, संस्था नाही, मी आहे. बाई म्हणाल्या, माणसाला खोली देता येत नाही, संस्थेला देता येते. पुढचं सगळं लचांड या एका वाक्यातून सुरू झालं.

बीकरकाका हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काढली, आणि त्या चौतीस वर्षांत एकही बीकर हरवला नाही. फुटले पुष्कळ, पण हरवला एकही नाही. हा फरक ते अजूनही समोरच्याला नीट समजावून सांगतात, समोरच्याला घाई असली तरी. निवृत्तीनंतर हीच शिस्त त्यांनी घरी लावली. बारा वर्षांपूर्वी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या बऱ्या झाल्यावर त्यांचा वॉकर शेजारी गेला, परत येताना एक काठी सोबत घेऊन आला, आणि मग ज्याच्या घरी जे पडून होतं ते लोक आणून देत राहिले. आता त्यांच्या तळमजल्याच्या घरात आणि बाहेरच्या बोळात मिळून एकेचाळीस नग होते: वॉकर, काठ्या, कुबड्यांच्या जोड्या, चाकांच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर. पाय मोडलेल्या माणसाने यावं, रजिस्टरात सही करावी, वस्तू न्यावी, बरं व्हावं आणि परत आणून द्यावी. पैशाचा संबंध नाही. एक नंबर अर्थातच काकूंच्या वॉकरला होता.

मग बिल्डिंगच्या कमिटीने नोटीस लावली की बोळातलं भंगार दोन महिन्यांत हलवावं, नाहीतर कमिटी ते भंगारवाल्याला देऊन टाकेल. हलवण्याबद्दल काकांची तक्रार नव्हती. बोळातून जाताना लोकांच्या नडग्या सडकून निघत होत्या हे त्यांनाही मान्य होतं. पण भंगार हा शब्द त्यांना लागला. दोन दिवस ते जेवताना मध्येच घास हातात धरून "भंगार" असं म्हणत आणि भिंतीकडे बघत. शेवटी काकूंनी सांगितलं की आधी जेवा, तो शब्द काही गार होत नाही.

वरच्या मजल्यावर टपालकाका राहत. पोस्टातून निवृत्त झालेले असल्यामुळे जगातल्या प्रत्येक फॉर्मवर त्यांचं मत असे. संस्था म्हटल्यावर ते दोन पायऱ्या खाली उतरून आले. त्यांच्या मते संस्था काढणं म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं. आधी सात सभासद जमवायचे, मग त्या सातांत तीन गट पडणार, मग एक गट फुटून दुसरी संस्था काढणार. त्यांच्या मेव्हण्याच्या बाबतीत हेच घडलं होतं, आणि ती नुसती सकाळी फिरायला जाणाऱ्यांची संस्था होती. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी मूळ मुद्द्याची गोष्ट सांगितली. लॉ कॉलेजात विद्यार्थी एक क्लिनिक चालवतात, आणि छोट्या धंद्यांना, छोट्या संस्थांना तिथे कायद्याची मदत फुकट मिळते. "पण फुकट म्हणजे काय ते लक्षात ठेव," ते म्हणाले, "शिकाऊ न्हाव्याकडे दाढी." काकांनी गालावरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर पिशवीत घालून निघाले.

क्लिनिक कॉलेजच्या मागच्या अंगाला एका लांबट खोलीत होतं. टेबलापलीकडे दोन विद्यार्थी बसले होते. एकीची वेणी कमरेपर्यंत होती. दुसऱ्याने उन्हाळ्यातही टाय बांधला होता, आणि तो टाय त्याला सवयीचा नसावा, कारण दर दोन मिनिटांनी तो त्यात बोट घालून मान मोकळी करत होता. काकांनी मनातल्या मनात त्यांना वेणी आणि टाय अशी नावं दिली. कोपऱ्यात त्यांच्या मॅडम वही घेऊन बसल्या होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या. वेणीने काकांना पाणी दिलं, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमची अडचण तुमच्या शब्दांत सांगा." हे वाक्य झाल्याबरोबर मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. टायने मान डोलावली, त्यावरही मॅडमनी लिहिलं.

तेव्हा काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही प्रात्यक्षिक परीक्षा होती. चौतीस वर्षं त्यांनी अशा परीक्षा पाहिल्या होत्या. बेडकांचे ट्रे त्यांनीच मांडले होते. फरक इतकाच की या खेपेला ट्रेमध्ये ते स्वतः होते. माणसाचा मान म्हणून काही चीज असते, आणि ती ट्रेमध्ये राहत नाही. क्षणभर उठून जावं असं त्यांना वाटलं. पण डोळ्यांसमोर भंगारवाल्याची हातगाडी आली आणि तिच्यावर सतरा नंबरची चाकाची खुर्ची आली, म्हणून ते बसून राहिले.

टायने आधी एक छापील कागद काढला. तुमच्या विरोधात कोण आहे, त्याने विचारलं. विरोधी पक्ष आधीच क्लिनिकचा अशील असेल तर आम्हाला तुमचं काम घेता येत नाही. काका म्हणाले, माझ्या विरोधात कोणीच नाही. टाय म्हणाला, कोणीतरी असेलच. काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. कमिटी होती, पण तिच्याशी भांडण नव्हतं. टायने आशेने विचारलं, घरात कोणी? काका हसले. टायने रकान्यात "सध्या नाही" असं लिहिलं आणि सध्याखाली रेघ ओढली.

पुढे दोन तास विचारणा चालली. संस्थेचा उद्देश काय, या प्रश्नाला काकांनी "लोकांना कुबड्या देणं" असं उत्तर दिलं. त्याचं कागदावर काय झालं ते त्यांनी तीन वेळा वाचलं: "हालचालींस तात्पुरती अथवा कायमस्वरूपी बाधा पोहोचलेल्या व्यक्तींस साहाय्यभूत साधनांचा विनामूल्य विनियोग उपलब्ध करून देणे." आपण गेली बारा वर्षं एवढं काही करत होतो याची त्यांना कल्पना नव्हती. मग विचारलं गेलं की संस्था बंद पडली तर मालमत्तेचं काय करायचं. अजून जन्माला न आलेल्या संस्थेच्या तेराव्याची चौकशी काकांना बरी वाटली नाही, पण त्यांनी तेही उत्तर दिलं. सात सभासद सांगितले, त्यांत टपालकाकांचं नाव घातलं, म्हणजे गट पडलेच तर निदान माहितीतल्या माणसाने पाडावेत.

शेवटी वेणीने रजिस्टर उघडून विचारलं, "काका, या वस्तू कुणाच्या?"

"ज्याला लागतील त्याच्या," काका म्हणाले.

दोन्ही पेनं थांबली. कोपऱ्यात मॅडमनीही पेन खाली ठेवलं. रजिस्टरात कुणी नेलं, कधी नेलं, कधी परत केलं, रबराचं बूच झिजलं होतं का, सगळं होतं. फक्त दिलं कुणी, या रकान्यात "कोपऱ्यावरचे", "दातांच्या डॉक्टरांच्या बहिणीकडून", "दारात ठेवून गेले" अशा नोंदी होत्या. शाळेत वस्तू शाळेची असते, त्यामुळे आलेल्या वस्तूचा मालक कोण हे विचारायची काकांना सवयच नव्हती. टायने समजावलं की संस्थेच्या मालमत्तेची यादी जोडावी लागते, आणि प्रत्येक वस्तू रीतसर दान झाल्याचा कागद लागतो. आठवड्याभरात त्याने दानपत्राचा मसुदा तयार केला. तो दोन पानी होता. "मी, खाली सही करणार, सदर वस्तूवरील माझा व माझ्या वारसांचा सर्व हक्क, अधिकार व हितसंबंध स्वखुशीने, कायमस्वरूपी व अपरिवर्तनीयपणे सोडून देत आहे," अशी त्याची सुरुवात होती. टायचा हा आयुष्यातला पहिला मसुदा होता आणि तो त्याने पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला.

काका एकेचाळीस प्रती घेऊन निघाले. प्रामाणिक माणूस असल्यामुळे ते वस्तूही सोबत नेत, म्हणजे कोणत्या वस्तूबद्दल बोलणं चाललंय ते समोरच्याला दिसावं. आता मागे वळून बघताना त्यांना वाटतं की ही पहिली चूक. पहिलं घर बेकरीवाल्यांचं. त्यांनी नऊ नंबरची काठी सहा वर्षांपूर्वी दिली होती आणि साफ विसरले होते. त्यांनी काठी पाहिली, दोन पानं पाहिली, अपरिवर्तनीयपणे या शब्दापाशी थांबले आणि काठी हातात घेऊन निरखू लागले. एका काठीसाठी सरकारदरबारी इतका कागद लागतो, म्हणजे ती साधी काठी नसणार, असं त्यांच्या मनात आलं. ते म्हणाले, राहू दे सध्या इथेच, विचार करून सांगतो. काठी बेकरीच्या काउंटरमागे गेली.

दुसरी खेप रंगाच्या दुकानवाल्या भावांची. वडील गेल्यावर दोघांनी दुकानाच्या मधोमध प्लायवुडची भिंत घातली होती आणि आठ वर्षं एकमेकांशी शब्द बोलले नव्हते. सतरा नंबरची चाकाची खुर्ची त्यांच्या वडिलांची. थोरल्याने दानपत्र वाचलं आणि वारस या शब्दावर त्याचे कान टवकारले. धाकटा भिंतीपलीकडून ऐकत होताच. आठ वर्षांत एकालाही खुर्चीची आठवण झाली नव्हती, पण पंधरा मिनिटांत दोघांनाही वडिलांची शेवटची निशाणी म्हणून ती हवी झाली. शेवटी खुर्ची बरोबर भिंतीच्या टोकाला, अर्धी याच्याकडे अर्धी त्याच्याकडे अशी ठेवण्यात आली, आणि काका रिकाम्या हाताने घरी आले.

मग रोजच एकेक नवल घडू लागलं. पोहण्याच्या तलावावरचे शिक्षक म्हणाले की त्या कुबड्या पायगुणाच्या आहेत, त्या सही करून देता येणार नाहीत. एका नर्सबाईंनी उभ्याउभ्या सही केली, पण ती वस्तू त्यांची नव्हतीच. एका घरात सुनेने सासूबाईंची काठी बघितली, ती छातीशी धरली आणि रडायला लागली. काकांनी स्वतःच तिला सांगितलं की ठेव बाई, ठेव, आणि दानपत्र घडी घालून खिशात टाकलं. त्याहून वाईट म्हणजे गल्लीत बातमी पसरली की बीकरकाकांच्या मागे वकील लागलेत. त्यामुळे ज्यांनी वस्तू वापरायला नेल्या होत्या ते घाबरून बरे व्हायच्या आधीच परत करू लागले. शाळेच्या बसचा ड्रायव्हर भिंत धरत, एका पायावर टणाटण उड्या मारत वॉकर परत द्यायला आला. त्याला काकांनी वॉकर देऊनच परत पाठवलं, पण तो जाताना तीनतीनदा विचारून गेला की सही तर करावी लागणार नाही ना.

टपालकाका रोज जिन्यात उभे राहून आकडा विचारत. एकेचाळीसचे तेहतीस झाले, तेहतीसचे सव्वीस. "विचारायलाच नको होतं," ते म्हणाले. "विचारलंस म्हणून लोकांना कळलं की ते त्यांचं आहे." काकांना हे पटत होतं आणि म्हणूनच फार राग येत होता. पण माघार हा शब्द त्यांना प्रयोगशाळेतही माहीत नव्हता. त्यांनी नवीन बूट घेतले आणि दुसरी फेरी सुरू केली.

तिसऱ्या आठवड्यात ते क्लिनिकमध्ये गेले तेव्हा यादीत तेवीस नग उरले होते. टायने आपला मसुदा हातात घेतला आणि तो कुठे चुकला असेल ते शोधू लागला. त्याचा चेहरा इतका पडला की काकांनीच त्याला पाणी दिलं. वेणी यादीवर बोट फिरवत होती. ती पहिल्याच ओळीवर थांबली.

"काका, एक नंबरचं दानपत्र नाही."

"तो आमचाच आहे."

"आमचा म्हणजे कुणाचा?"

"काकूचा. त्याचं काय, आज सही आणतो," काका म्हणाले. एवढ्या पडझडीत निदान एक सही तरी घरची होती, याचा त्यांना मोठा आधार वाटला.

काकूंनी चष्मा लावला आणि दानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. एकेचाळीस घरांत असं करणाऱ्या त्या पहिल्याच. वाचून झाल्यावर त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मी कधी दिला?"

काका म्हणाले, अगं बारा वर्षं झाली, तू बरी झालीस आणि मी तो शेजारी दिला.

"तुम्ही दिलात. ते मला माहीत आहे. मी कधी दिला ते विचारतेय."

काकू काही भांडल्या नाहीत. त्यांनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं की बारा वर्षं बेल वाजली की दार त्या उघडतात. कुबडीची उंची काखेपासून किती असावी हे मोजून त्या देतात, कारण काका ती फूटपट्टीने मोजतात आणि माणसाला उभं राहायला विसरतात. कमोडच्या खुर्च्या परत आल्यावर कोण धुतं, हे रजिस्टरात कुठल्या रकान्यात आहे? सभासद सात झाले, त्यांत टपालवाले आहेत, तलावावरचे मास्तर आहेत, आणि आपलं नाव नाही. "तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटलं होतं. तो वॉकर मी इतक्या कष्टाने सोडला होता. पहिल्यांदा त्याच्याशिवाय खिडकीपर्यंत गेले तेव्हा मागे वळून बघितलं, तर तुम्ही तो घेऊन दारातून बाहेर पडत होतात." सही त्यांनी केली नाही.

काकांनी तो सगळा दिवस रजिस्टर चाळण्यात घालवला. बारा वर्षांच्या नोंदी त्यांच्याच अक्षरात होत्या आणि काकूंचं नाव त्यात कुठेही नव्हतं. त्यांना लाज वाटली. ती नेमकी कुणाला सांगावी हे न कळल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांनी ती क्लिनिकला सांगितली. टायने तत्काळ छापील कागद काढला, "सध्या नाही" खोडलं आणि आनंद लपवत म्हणाला, "म्हणजे विरोधी पक्ष आहे." तेव्हा कोपऱ्यातल्या मॅडम पहिल्यांदा बोलल्या. त्या म्हणाल्या की काकूंना इथे घेऊन या, पण त्यांच्याशी या दोघांनी बोलायचं नाही. त्यांना त्यांचा स्वतंत्र सल्ला मिळाला पाहिजे.

अशा रीतीने एका वॉकरपायी नवराबायको लॉ कॉलेजात गेले. काकूंना दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या दोन विद्यार्थिनींपुढे बसवण्यात आलं आणि दार लावण्यात आलं. काका बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसले. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाने बायकोच्या वकिलांची वाट बघत बाकावर बसणं यात कसला मान उरतो, याचा विचार त्यांनी करून पाहिला आणि सोडून दिला.

काकू बाहेर आल्या त्या दोन अटी घेऊनच. संस्थेच्या अध्यक्ष त्या होतील. आणि हा दानपत्राचा कागद फाडून टाकायचा. "सोडून द्या, सोडून द्या असं दोन पानं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "असं म्हटल्यावर कोण सोडेल? उलट धरून ठेवेल." त्यांनी वेणीला लिहून घ्यायला सांगितलं: ही खुर्ची माझ्या वडिलांनी वापरली. आता ती संस्थेची, ज्याला लागेल त्याने वापरावी. वडिलांचं नाव खुर्चीवर राहील. टायने घाबरत मॅडमकडे बघितलं. मॅडमनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, कायद्याला एवढं पुरतं. काकांनी फक्त एक हरकत घेतली. प्रयोगशाळेत वस्तूवर नंबर असतो, नाव नसतं.

"बीकरला वडील नसतात," काकू म्हणाल्या.

आणि एक नंबरचं काय, वेणीने विचारलं. काकू म्हणाल्या, तो माझा आहे, मी बघेन. यादीत चाळीसच नग धरायचं ठरलं, आणि एक नंबरपुढे टायने सुवाच्य अक्षरात "मालक विचाराधीन" असं लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून अध्यक्ष बाहेर पडल्या. त्यांची पद्धत वेगळी होती. त्या सोबत कागद कमी आणि पेशंट जास्त नेत. रंगाच्या दुकानात त्या बसच्या ड्रायव्हरला घेऊन गेल्या. त्याला तपासणीला मोठ्या दवाखान्यात जायचं होतं, आणि तिथले बोळ वॉकरने पार होण्यासारखे नव्हते. त्यांनी दोन्ही भावांना कागद दाखवला, खुर्चीच्या पाठीवर वडिलांचं नाव कुठे येईल ते बोटाने दाखवलं आणि ड्रायव्हरला खुर्चीत बसवलं. रस्त्यावर उतरायला एक उंच पायरी होती. एका बाजूने थोरल्याने धरलं, दुसऱ्या बाजूने धाकट्याने. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून "जरा तुमच्या बाजूने उचला म्हणावं" हे थोरला ड्रायव्हरला सांगे आणि ड्रायव्हर तेच धाकट्याला सांगे. सह्या दोन्ही झाल्या. बेकरीवाल्यांनी काठी परत केली आणि वर त्यांच्या आईची दुसरी काठीही देऊ केली, पण काकांनी हात जोडून सांगितलं की यादी टाइप झाली आहे. तोवर बाकीचे नगही असेच एकेक करून परत आले होते.

संस्थेच्या नोंदणीचा अर्ज कमिटीच्या मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. शिक्का मारलेली प्रत दाखवल्यावर खिडकीतल्या बाईंनी पंपखोलीची किल्ली दिली, ती एका महिन्यापुरती. महिन्याअखेर साहेब येऊन काम बघतील, त्या म्हणाल्या. काम दिसलं तर खोली संस्थेची, नाही दिसलं तर पुन्हा कुलूप. काकांनी पंपाची तेलकट खोबण घासून काढली, लाकडी मांडण्या ठोकल्या आणि एकेचाळीस कप्प्यांवर एकेचाळीस नंबर घातले. कप्पा रिकामा झाला की त्यात चिठ्ठी लावायची: कुणी दिलं, कुणी नेलं, तारीख. ही त्यांची शाळेतली पद्धत होती, आणि तिच्यावर त्यांचा प्राण होता.

पण वकील मागे नाहीत, कागद तीन ओळींचाच आहे आणि अध्यक्ष उंची मोजून देतात, हे कळल्यावर गल्लीतले, पलीकडच्या गल्लीतले, दवाखान्यातून परस्पर येणारे असे लोकांचे पाय पंपखोलीकडे वळू लागले. मांडण्या भराभर रिकाम्या झाल्या. तपासणीला चार दिवस उरले तेव्हा सात नग राहिले होते. काकांनी सुचवलं की साहेब येऊन जाईपर्यंत सात तरी ठेवू. काकूंनी विचारलं की मग दारात आलेल्या माणसाला काय सांगू, साहेब येईपर्यंत भिंत धरून चाल? तपासणीच्या दिवशी सकाळी खोलीत एकच नग होता, एक नंबरचा वॉकर, आणि तो संस्थेचा नव्हता.

वेणी आणि टाय लवकरच येऊन उभे होते. टायच्या हातात फाइल होती आणि ओठांवर संस्थेच्या नियमांतलं कलम सात. मॅडम दाराशी वही घेऊन उभ्या होत्या. साहेब यायला दहा मिनिटं असताना एक बाई धापा टाकत आल्या. नवऱ्याला आज घरी सोडलंय, रिक्षात बसलाय, आणि रिक्षातून घरापर्यंत तो कसा येणार ते कळत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर वॉकरवर गेली.

काकांचा हात वॉकरकडे निघाला होता. तो तसाच थांबला. बारा वर्षांपूर्वीची खिडकी त्यांनी पाहिली नव्हती, पण आता ती त्यांना दिसत होती. ते काकूंकडे वळले.

"देऊ?" त्यांनी विचारलं.

काकूंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग वॉकरकडे. त्या पुढे झाल्या, खाली वाकून चारही रबरं दाबून पाहिली, पदराने पकडीवरची धूळ पुसली. "माणूस किती उंच आहे?" त्यांनी बाईंना विचारलं, आणि दोन भोकं वर करून वॉकर त्यांच्या हातात दिला. "द्या म्हणजे काय, दिला."

साहेब आले तेव्हा खोलीत दोन विद्यार्थी, एक मॅडम, काका, काकू आणि जिना उतरून मुद्दाम आलेले टपालकाका एवढंच सामान होतं. साहेबांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "इथे तर काहीच नाही." टायने फाइल उघडली, पण वेणीने त्याचा कोपर धरला. साहेब मांडणीशी गेले. त्यांनी एक चिठ्ठी वाचली, मग दुसरी, मग सतरा नंबरची, ज्यावर रंगाच्या दुकानवाल्यांच्या वडिलांचं नाव आणि खाली बसच्या ड्रायव्हरचं नाव होतं. चाळीस चिठ्ठ्या त्यांनी सगळ्या वाचल्या.

"सगळंच बाहेर असतं, तर मग खोली कशाला हवी?" साहेबांनी विचारलं.

"परत यायला, साहेब," काका म्हणाले. "माणूस बरा झाला की वस्तू घेऊन येतो. तेव्हा दार उघडं पाहिजे, आणि तिची जागा रिकामी पाहिजे."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "खोली रिकामी आढळली. रिकामी असण्याचे कारण समाधानकारक." शिक्का मारताना त्यांनी एका कप्प्याकडे बोट दाखवलं. बाकी सगळीकडे चिठ्ठी आहे, इथे नाही, तेवढी लावून घ्या, असं सांगून ते निघून गेले. टपालकाका म्हणाले की असा शेरा त्यांनी पोस्टातल्या साऱ्या नोकरीत पाहिला नव्हता, आणि संस्था काढ असं आपणच सुचवलं होतं. टायने टाय सोडून खिशात घातला. मॅडमनी वही मिटली आणि मार्क किती दिले ते सांगितलं नाही.

काकांनी कोरी चिठ्ठी घेतली. नेणाऱ्या बाईंचं नाव लिहिलं. मग कुणी दिलं या रकान्यापाशी आले. जुन्या रजिस्टरात तिथे बारा वर्षं "घरचा" एवढंच होतं. त्यांनी सावकाश, ठळक अक्षरात काकूंचं पूर्ण नाव लिहिलं आणि पेन हवेत धरून विचारलं, "तारीख कुठली घालू? बारा वर्षांपूर्वीची नक्की आठवत नाही."

"आजची घाला," काकू म्हणाल्या.